जाहिरातीत गेलेले गाऱ्हाणे

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा, काळ्या रंगाचा एक जुना ध्वनिमुद्रक मी. माझ्या माथ्यावर दोन बारीक मायक्रोफोन आहेत. बॅटरीचे झाकण आता चिकटपट्टीच्या आधाराने बसते.

कारखान्यात माझी जुळणी झाली आणि दुकानातून मला प्रभादेवीचे निवृत्त शिक्षक हेमचंद्र यांनी घरी आणले. विरत चाललेले आवाज जतन करावेत, हा त्यांचा ध्यास होता. लालबागच्या मसाला कुटणाऱ्या यंत्रांची धडधड मी टिपली, तेव्हा त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले आणि "आवाज स्वच्छ उतरला आहे," असे म्हटले. त्या दिवसांत मी सुखी होतो.

एका गणेशोत्सवात ते मला लालबागच्या एका चाळीत घेऊन गेले. तेथे राहणारे गुणाजी दरवर्षी आरतीनंतर गाऱ्हाणे घालत. गाऱ्हाणे म्हणजे सर्वांच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. गुणाजींचा आवाज मी जसाच्या तसा साठवला.

तेव्हा गुणाजी म्हणाले, "मास्तर, ह्यां देवाचां आसा. कोणाक ऐकूचा तर ऐकांदे, शिकूचा तर शिकांदे. पण ह्याच्यार धंदो नको."

हेमचंद्रांनी ते मुद्रण संकेतस्थळावर ठेवताना तीच अट खाली लिहिली. पुढे ते फोनवर मुद्रण करू लागले आणि मी खणात पडून राहिलो.

यंदा मूळ मुद्रण पडताळून पाहायला त्यांनी मला बाहेर काढले, ते मात्र आनंदाने नव्हे. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या एका खेळाची जाहिरात सर्वत्र वाजत होती. तिच्यात गुणाजींचे गाऱ्हाणे होते आणि प्रत्येक वाक्यानंतर 'डाव लाव म्हाराजा' असा गलका होता. ती जाहिरात गुणाजींचा पुतण्या हितेंद्र याने तयार केली होती.

गणपतीच्या पहिल्या दिवशी हेमचंद्र मला खिशात घालून चाळीत गेले. गुणाजींची पत्नी मालन हितेंद्रला जाब विचारत होती.

"काकी, चोरी थोडीच केलीय? तिथे फ्री लिहिलं होतं. आणि काकांचं नाव पण टाकलंय खाली, मोठ्या अक्षरात."

"नाव घातलंस, हाच तर घोळ झालो, मेल्या. आता नाक्यार सगळी इचारतत, गुणाजीन देव कितक्याक इकलो?"

हेमचंद्रांनी विचारले, "खालची अट वाचली होतीस?"

"वाचली, सर. पण क्लायंट घाईत होता. विचारलं असतं तर काका नाहीच म्हणाले असते."

"म्हणजे उत्तर तुला ठाऊक होते."

हितेंद्र आरतीच्या ताटात कापूर ठेवू लागला.

आरती झाली. गुणाजींची मुलगी मेघना परळच्या रुग्णालयात अत्यवस्थ होती आणि तिच्यासाठी आज देवाला सांगायचे होते. गुणाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी केलेली सेवा गोड मानून घे रे म्हाराजा."

मागून दोन-तीन तोंडांतून निघून गेले, "डाव लाव म्हाराजा." त्यामागे हसू फुटले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. जिभेला ती सवय लागली होती. गुणाजींनी जोडलेले हात सोडले. मेघनाचे नाव उच्चारायचे राहिले. ते जाऊन उंबऱ्यावर बसले.

शेजारचे दगडू म्हणाले, "मास्तर, तुमच्या मशीनमध्ये अख्खं आहे ना? तेच लावा. गाऱ्हाणं अर्धं नको राहायला."

हेमचंद्रांनी कचरत माझी कळ दाबली. माझ्यातून गुणाजींचा जुना, ठाम आवाज निघाला आणि लोकांनी मला बिनचूक साथ दिली. मालन पुढे आली. तिने मला हातात घेतले.

"बंद करा, मास्तर. ह्येका मेघनाचा दुखणा ठाऊक नाय."

मित्रांनो, माझी कळ कोणीही दाबली तरी मला बोलावेच लागते. नकार देण्याची सोय माझ्यात बसवलेली नाही. म्हणून आवाजाच्या धन्याने घातलेली अट हाच माझा नकार समजा. ती शेवटपर्यंत वाचा. पैसे मिळवण्याचे काम असेल तर आधी विचारा, आणि उत्तर नाही असे आले तर दुसरा आवाज शोधा.

ती जाहिरात आता बंद झाली आहे. हेमचंद्र अजून मला चाळीत नेतात, पण कळ दाबत नाहीत. आरती संपते. गुणाजी आता गाऱ्हाणे घालत नाहीत; मागे, दाराशी उभे असतात. सगळे क्षणभर थांबतात आणि मग प्रसादासाठी हात पुढे करतात.