मनिषाच्या वाक्याला पाचपैकी पाच

माझं तोंड वाईट आहे, सगळी शाळा सांगेल. वनमाला मॅडम वर्गात शिरल्या की भिंतीवरची पालसुद्धा रांगेत चालते, असं आमचे हेडमास्तर म्हणतात. म्हणू देत. तीस वर्षं मराठी शिकवतेय, गोडगोड बोलून कोण शिकलंय इथं? पण आज सांगायचंय ते माझं मलाच जड जातंय. आठवीतल्या मनिषानं मला लिहून कळवलं होतं की तिचं लग्न लावतायत. वेळेवर कळवलं, तारखेसकट कळवलं. मी त्याला पाचपैकी पाच मार्क दिले आणि वही परत केली.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलं होतं.

बीडजवळच्या पाली गावाच्या पुढं, धरणाच्या अंगाला आमची जिल्हा परिषदेची शाळा. आठवीपर्यंतच. निम्मी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. मी इथं बदलून आले आणि पहिल्याच निबंधाला कपाळाला हात लावला. सहलीवर लिहा म्हणलं तर काय? 'आम्ही कपिलधारला गेलो. आम्ही धबधबा पाहिला. आम्ही दर्शन घेतले. आम्ही डबा खाल्ला. आम्ही घरी आलो.' पस्तीस वह्या, पस्तीसांत हेच. "अरे मेल्यांनो," मी ओरडले, "आम्ही आम्ही आम्ही! निबंध लिहिताय का पाढे म्हणताय?"

मग मी एक रीत लावली. रोज एक वाक्य, पाच तऱ्हांनी. 'आम्ही डबा खाल्ला' घ्यायचं. कधी खाल्ला, तिथून सुरू करायचं. कुठं खाल्ला, तिथून सुरू करायचं. प्रश्न करायचा. उद्गार काढायचा. शेवटी एक लांबलचक वाक्य लिहून त्याच्या पाठोपाठ दोन शब्दांचं ठेवायचं. चार दिवस पालथ्या घड्यावर पाणी. पाचव्या दिवशी हनुमान नावाच्या पोरानं लिहिलं, 'धबधब्याखाली भिजून दात वाजत असताना, पायरीवर बसून, माकडाची नजर चुकवून आम्ही डबा खाल्ला. भाकरी भिजली.' मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून वर्गात माझं पालुपद झालं, "वाक्य चांगलं असलं की वाचणारा बसल्या जागेवरून उठतो. चला, मला उठवा!" आणि मी खरंच उठायचे. पोरं त्या उठण्यासाठी जीव टाकायची.

मनिषा खिडकीजवळ बसायची. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले की सहा महिने आजीपाशी, भिवराबाईपाशी राहायची. बोलणं जवळजवळ नाहीच. पण एकदा 'आई गेली' या वाक्याच्या पाच तऱ्हा मागितल्या, तर पाचवी तिनं अशी लिहिली, 'निघताना आई कधीच मागं वळून बघत नाही. बघितलं तर ट्रॅक्टर थांबेल का?' मी उठले. डोळे पुसले आणि पदर ठीक केल्यासारखं केलं. त्या दिवशी मनिषा पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

आता माझी एक वाईट खोड सांगते. पस्तीस वह्या मी एसटीत तपासायचे. शाळा सुटली की बीडची गाडी, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. बीडच्या स्टँडवर उतरायच्या आत गठ्ठा संपलाच पाहिजे. तेवढ्यात काय होणार? मी वाक्यांची सुरुवात बघायचे, शेवट बघायचे, लांबी बघायचे. छान, पुन्हा लिही, छान. त्याला वाचणं म्हणत नाहीत. पण माझी रीत चालली होती, दुसऱ्या शाळांचे मास्तर बघायला येत होते, मला वाटायचं आपण फार मोठं काम करतोय.

सप्टेंबरात वरून पत्र आलं. बालविवाहविरोधी सप्ताह, तालुकास्तरीय निबंधस्पर्धा, विषय 'मी बालवधू बोलतेय'. आत्मवृत्ताचा प्रकार तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी शाळेत फाटकं पुस्तक बोलतं, एसटी बोलते, मोडकी छत्री बोलते. यंदा बालवधू बोलायची होती. पोरांनी ठरलेलं लिहिलं. बालविवाह ही समाजाला लागलेली कीड आहे, वगैरे.

मनिषानं तीनच ओळी लिहिल्या होत्या. 'माझे लग्न ठरले. मला कोणी विचारले नाही. मला शाळा शिकायची आहे.'

एसटी निघाली होती, पाली मागं पडत होती. मी खाली लाल पेनानं लिहिलं, 'सगळी वाक्ये एकाच वळणाची. कधी, कुठे, कोणाशी, का, हे येऊ दे. वाक्य जिवंत कर.'

पोरीनं माझं ऐकलं. दोन दिवसांनी वहीत असं आलं, 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेची घंटा होते त्या वेळेला, मामाच्या अंगणात माझे लग्न आहे. नवऱ्याचे नाव अजिनाथ. टोळीत एकट्या माणसाला कोण घेतो? कोयत्याला जोडी लागते, म्हणून एवढी घाई. आजी रडते. थांबवा, असे मात्र ती कोणाला म्हणत नाही. मॅडम, तुम्ही थांबवाल का?'

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. मलाही माहीत. पण गाडीत बसून मी काय बघितलं? वा, वेळेनं सुरुवात. वा, लांबाच्या मागं आखूड. आणि शेवटी प्रश्न, थेट वाचणाऱ्यालाच हाक! मी 'शाब्बास' लिहिलं, पाचपैकी पाच दिले. स्पर्धेला पाठवायचा निबंध, म्हणून 'मॅडम' हा शब्द खोडला आणि त्या जागी 'समाजबांधवांनो' लिहिलं.

माझ्या हातानं खोडला. काय म्हणावं या हाताला?

वही परत दिली तेव्हा मनिषा टेबलापाशीच उभी राहिली.

"मॅडम, वाचलं का?"

"वाचलं की! स्पर्धेला पाठवतेय. नंबर येतोय बघ."

ती हलेना. "आजून काय लिहायचं का त्याच्यात?"

"काही नको गं, सुंदर झालंय. जा, जागेवर बस."

ती जागेवर जाऊन बसली. दसऱ्याला गावातली पोरं सोनं द्यायला आली, त्यांत तीही होती. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून पाया पडली. मी म्हणलं, "खूप शिक." तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. हजेरी घेताना मनिषाच्या नावाला कुणी ओ दिली नाही. मी चिडलेच. "सणाच्या दुसऱ्या दिवशी घरी बसायला काय झालं हिला?" मग तेजश्री, तिच्याच आळीतली पोरगी, चाचरत म्हणाली, "मॅडम, तिचं आज लगीन हाय ना. तुमाला लिहून दिलतं की तिनं."

पोरं वह्या वर्गातल्याच कपाटात ठेवायची; मी तिथून तिची वही काढली आणि उभ्याउभ्या वाचली. तेव्हा पहिल्यांदा वाचली. वर्गातली चौतीस पोरं माझ्याकडं बघत होती.

हेल्पलाइनला फोन केला. हेडमास्तरांच्या मोटारसायकलवर बसून मामाचं गाव गाठायला दुपार झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अंगणात मांडवाचं कापड घडी करायचं चाललं होतं. जेवणावळ उठली होती. एक म्हातारी म्हणाली, "म्याडम, उशीर केला. बुंदी संपली." नवरानवरी तिथूनच टोळीच्या ट्रॅक्टरवर बसून गेली होती. पुढं तक्रार झाली, कागद झाले, तारखा पडतायत. पोरगी काही वर्गात आली नाही.

जानेवारीत स्पर्धेचा निकाल लागला. मनिषा तालुक्यात पहिली. प्रशस्तिपत्र आणि पेन. तीन परीक्षकांनी तो निबंध वाचला होता, प्रत्येकानं पैकीच्या पैकी दिले होते. शेरा होता, 'अत्यंत जिवंत लेखन.' मला टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

भिवराबाईकडं गेले. ती शेळीला पाला टाकत होती. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "टोळी कडा गावाच्या अलीकडं उतरलीय. जात असलात तर सांगा, आजी बरी हाय म्हणावं. अन् शेळी व्याली."

रविवारी एसटीनं कड्याच्या बाजूला गेले. विचारत विचारत फडावर पोचले. कोप्यांच्या, म्हणजे टोळीच्या पाचटी झोपड्यांच्या, रांगेपलीकडं ऊस अर्धा तुटला होता. मनिषा मोळ्या बांधत होती. डोक्याला फडकं, अंगात साडीवर कुणाचा तरी मोठा शर्ट, ऊसपाचटानं हात कापलेले. मला बघून ती सवयीनं सरळ उभी राहिली, वर्गात राहायची तशी. पलीकडून एक मिसरूडही न फुटलेला पोरगा आला, तांब्याभर पाणी ठेवून लांब जाऊन बसला. तो अजिनाथ. त्याच्याही वयाची मला शंकाच आली.

"आजी बरी आहे," मी म्हणलं. "शेळी व्याली."

"किती पिलं?"

"दोन."

ती हसली. मी प्रशस्तिपत्र पुढं केलं. "तुझा पहिला नंबर आला गं." ते बोलताना माझी मला लाज वाटली. तिनं हात शर्टाला पुसले, कागद धरला, स्वतःचं नाव वाचलं आणि परत दिला. "आजीपाशी ठेवा. इथं कोपीत भिजंल." पेन मात्र तिनं शर्टाच्या खिशाला लावलं.

"मनिषा," मी म्हणलं, "तक्रार अजून चालू आहे. तू बोललीस तर तुला परत आणता येईल. मी येते बरोबर, शेवटपर्यंत येते."

ती खाली बघत पाचटाची दोरी वळत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू का मॅडम? रागावू नका."

"विचार."

"तुमी म्हणायच्या ना, वाक्य चांगलं असलं की वाचणारा उठतो. मी लई विचार केला. तारीख टाकली, टाइम टाकला, मामाचं अंगण टाकलं. शेवटी प्रश्न पण केला. तरी तुमी न्हाई उठल्या. मला वाटलं, माझंच वाक्य कच्चं राहिलं आसंल. कुठं चुकलं त्यात?"

मी तिचे दोन्ही हात धरले. "तुझं काही चुकलं नव्हतं गं बाई," मी कसंबसं म्हणलं. "मी वाचलंच नव्हतं."

फडाच्या त्या अंगाला मुकादमानं कुणाला तरी हाक मारली.

"वाचलंच नव्हतं," ती म्हणाली, "तर मग मार्क कशाचे दिले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.