गव्हाणीतल्या बाळाची पाचवी

भिवंडीजवळच्या वळ गावात सिस्टरांच्या दवाखान्यात नाताळची गव्हाणी मांडायची, तर पेंढा तिथल्या कुणब्यांच्या घरून जायचा. हेमाली लहान होती तेव्हा तो तिच्या आजोबांच्या, बाळारामबाबांच्या खळ्यावरून यायचा. तिची आई द्रौपदी दवाखान्यात आया होती. ती पेंढ्यातल्या मऊ काड्या तेवढ्या निवडून खाली अंथरायची. "पोराला टोचल ना," म्हणायची. बाळ मातीचं, पण द्रौपदीच्या लेखी ते कालच जन्मलेलं.

म्हणूनच तर एके वर्षी ती आणि शेजारच्या बाया पाटा-वरवंटा, हळदकुंकू घेऊन थेट गव्हाणीपुढे हजर झाल्या. पोर जन्मलं, मग पाचवी नको पुजायला? सटवाई कपाळावर नशीब लिहायला येते, तिची तयारी कोण करणार? नव्यानेच आलेल्या सिस्टर फिलोमिना दारात थबकल्या. छोट्या हेमालीला वाटलं, गेली आईची नोकरी. पण सिस्टरांनी चपला काढल्या आणि बायांमध्ये मांडी घालून बसल्या. "मरियेचं बाळंतपण परगावात झालं," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे कोण गं आलं असेल पाचवी पुजायला? तुम्ही आलात, बरं केलंत." तेव्हापासून दर नाताळात त्या बाळाला तीटही लागते आणि त्याची पाचवीही होते.

आता खळं राहिलं नाही. तिथे गोडाऊन आहे, आणि पेंढा वज्रेश्वरीच्या बाजूच्या गावांतून मागवावा लागतो. हेमाली माहेरी आली होती ती लेकाला, भाविकला घेऊन, आणि डोक्यात एकच घोर घेऊन. बाळंतपणाची रजा संपवून जानेवारीत भिवंडीच्या शाळेत पुन्हा शिकवायला रुजू व्हायचं की राजीनामा द्यायचा? नवरा धनेश म्हणाला होता, तू ठरव. ठरत नव्हतं. भाविक जन्मला तो काविळीने पिवळाधम्मक. त्याची पाचवी काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली गेली. आज तो दहा महिन्यांचा, गुटगुटीत. तरी झोपला की ही नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. बीएस्सी झालेली ही मुलगी, सटवाईवर विश्वास नाही. पण पोर शिंकलं की मनात यायचंच, पाचवी राहिली.

"त्याला जरा खाली ठेव गो," द्रौपदी म्हणायची. "मुंग्या उचलून न्हेतील काय?"

नाताळच्या दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. पडवीत गव्हाणीशेजारी एक पोरसवदा बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. तिचं नाव रूपा. नवरा गोडाऊनमध्ये पॅकिंगला, नाताळच्या ऑर्डरी म्हणून डबल ड्युटीवर. अशक्तपणाच्या गोळ्या न्यायला ती एकटीच आली होती.

द्रौपदीने मांडीवरच्या गाठोड्यात डोकावलं. "किती दिवसाचं हाय?"

"कल छठी है, अम्मा. पर यहाँ कौन करेगा."

"म्हंजे आमच्यात आज पाचवी. सटवाई काय, एक दिस आधी येल. तिला कुठं गोडाऊनची ड्युटी हाय." रूपाला सगळं कळलं नाही, पण ती हसली.

आधी बाळाला न्हाऊ घालायचं होतं. द्रौपदीचे गुडघे वाकत नव्हते, आणि सिस्टर फिलोमिना आता काठी टेकून चालत. हेमालीने भाविकला आईच्या हातात दिलं. "इथेच बस, माझ्या समोर," असं दोनदा बजावून ती उन्हात पाय लांब करून बसली. बाळ पायांवर घेतलं, कोमट पाणी ओतलं. बाळ रडलंच नाही.

तिचा हात थांबला. तिने बाळाच्या छातीवर अंगठा दाबून उचलला. पिवळं. मांडीवर दाबला. पिवळं. तळपायही पिवळे.

"रूपा, दूध पीता है?"

"सोता ही रहता है, दीदी. बहुत सीधा है."

"सीधा नहीं है," हेमाली म्हणाली. "सुस्त है."

दवाखान्यात डॉक्टर सुट्टीवर होते. भिवंडीच्या मोठ्या हॉस्पिटलात आत्ताच न्यायला हवं होतं. सिस्टर फोन करायला उठल्या. रूपाला तर उभं राहताना चक्कर येत होती. कोण जाणार, असं कुणी हेमालीला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिला नाही म्हणता आलं असतं.

तिने बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि भाविककडे पाहिलं. त्याने गव्हाणीतला पेंढा ओढून तोंडाकडे नेला होता.

"आई, त्याच्या हातातली काडी काढ," एवढंच म्हणून ती रूपाला धरून रिक्षात बसली.

वाटभर ती बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारत राहिली, झोपू नये म्हणून. हॉस्पिटलात कुणी "बसा, बघतो" म्हणालं, तेव्हा ती बसली नाही. डॉक्टरांनी बाळ लगेच आत घेतलं. अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं, म्हणाले.

काचेपलीकडे निळा दिवा लागला. रूपा काचेला कपाळ टेकून रडू लागली. असंच कपाळ टेकून हेमाली उभी होती, तेव्हा तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. म्हणून ती बोलत राहिली. डोळ्यांवर पट्टी उजेड लागू नये म्हणून आहे, त्याला दुखत नाही. रक्त तपासायला टोचतात त्याने घाबरू नकोस. बाहेर आला की असा पिईल, तुला फुरसत देणार नाही. रूपाचा नवरा ड्युटी सोडून धावत आला, तोवर ऊन उतरलं होतं.

घरी भाविक द्रौपदीच्या मांडीवर झोपला होता.

"रडला?"

"जरासा. मंग सिस्टरनी पेज भरवली, ती चाटूनपुसून खाल्ली."

"माझी आठवण नाही काढली?" हेमालीला हायसं वाटलं, आणि कुठेतरी जरा लागलंही.

"काढली असल मनात. मला कुठं सांगतो."

हेमाली शेजारी टेकली. तिचं बोट भाविकच्या नाकाकडे निघालं, आणि मग त्याच्या केसांतच राहिलं.

"सकाळी मी रूपाकडे जाते. तिला घरचं काहीतरी न्यायला हवं," ती म्हणाली. "याला तू ठेव. आणि आई, जानेवारीपासूनही ठेवशील?"

"मी कधी न्हाय म्हनलं?" द्रौपदी म्हणाली. "तूच देत नव्हतीस."