बटणांचा डबा आणि मागचा बार

वाचकहो, आमच्या मोटारीच्या पुढच्या व मागच्या स्टॅबिलायझर बारांची निवड कशी झाली, ते मी प्रस्तुत कथेत यथामती निवेदन करणार आहे. विषय लोखंडाचा आहे. तथापि त्यात माझ्या पत्नीचे शिवणकाम गुंतलेले असल्यामुळे तो संसाराचाही आहे.

प्रथम बार म्हणजे काय, हे सांगणे क्रमप्राप्त आहे. वळणावर मोटार एका कुशीला कलते. डाव्या व उजव्या चाकास जोडणारा जो वाकवलेला पोलादी दांडा हा कल आवरतो, तोच बार. एक पुढे असतो, एक मागे. दांडा जितका जाड, तितका कल कमी.

आम्ही टेकडीवर घर घेतले, परंतु सौभाग्यवतीचे शिवणाचे दुकान खाली बाजारातच राहिले. मधला रस्ता म्हणजे नुसती वळणे. आमची मोटार उंच बांध्याची व वयस्कर. ती अशी झुले की दुकान येईपर्यंत सौभाग्यवती पांढरीफटक पडे. मळमळीच्या धास्तीने ती उपाशीपोटीच निघे आणि दुपारपर्यंत तिचा हात मशीनवर चालत नसे.

अखेर ती म्हणाली, "अहो, महिनाअखेरीस मी दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकते. माझ्याच पोटात पीळ पडतोय, गिऱ्हाइकाचं माप कुठून घेऊ?"

ज्या दुकानाची पाटी तिने स्वहस्ते रंगवली, ते बंद होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले. मी तडक मेहुण्याचे गॅरेज गाठले.

"काळजी सोडा, पायलट भावजी!" तो म्हणाला. मी सावकाश मोटार हाकतो म्हणून त्याने मला हे नाव ठेवले आहे. "ताईला पाळण्यातून नेल्यासारखं नेऊ."

"अरे, पाळणाच नको आहे! झुलण्यानेच घात केलाय."

त्याने पुढे व मागे, दोन्हीकडे सर्वांत जाड बार बसवले. तदनंतर सौभाग्यवतीचा बटणांचा डबा तिच्या आसनावर उघडा ठेवून आम्ही सगळी वळणे उतरलो. एक बटण जागचे हलले नाही. आम्ही विजयी वीरांप्रमाणे घाटाच्या पायथ्यावरूनच माघारी फिरलो.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती बसली; मेहुणाही सोबत होता. वळणे उत्तम पार पडली. परंतु पायथ्यापासून बाजारापर्यंतचा रस्ता उखडलेला आहे. खड्ड्यात एक चाक जाई आणि जाड बार त्याचा हिसका दुसऱ्या चाकास पोचवी. तिची मान डावीउजवीकडे अशी हेलकावू लागली की दुकानाच्या पायरीवर ती डोके धरून बसली.

"अगं, पण डब्यातलं एक बटण हललं नव्हतं," मी म्हणालो.

"मग डब्यालाच बसवा मशीनवर! डब्याला मान असते का? पोट असतं का? दोन शहाणे गाडी घेऊन फिरलात, आणि जिला बसायचंय तिलाच घरी ठेवलंत."

मेहुण्याने जीभ चावली. "ताई, चुकलं. आता तू बस, तू सांगशील तसं करतो."

त्याने पुढे मूळचाच बार परत घातला, केवळ त्याची झिजलेली रबरे बदलली. मागे मध्यम जाडीचा घेतला.

"मागेच का रे?" मी विचारले.

"आपल्या गाडीला पुढची चाकं ओढतात, म्हणून वळणावर नाक बाहेर पळतं. मागे जरा ताठपणा दिला की गाडी वळते नीट. पण अति केलं, तर ओल्या रस्त्यावर शेपूट घसरेल."

त्या बाराच्या टोकांस दोन-दोन भोके होती: चाकाकडची जोडदांडी आतल्या भोकात अडकवली तर बार कडक, बाहेरच्यात नरम. आधी आतल्यात अडकवली. सौभाग्यवती डोळे मिटून बसली.

"वळण ठीक आहे," ती म्हणाली, "पण संपलं की गाडी झटक्यानं सरळ होते. ते पोटाला कळतं."

मग बाहेरच्यात अडकवली. पहिल्याच वळणावर मोटार किंचित कलली व तितक्याच सावकाश सरळ झाली.

"ही कलते," ती म्हणाली.

मेहुण्याचा चेहरा उतरला.

"पण सांगून कलते. माणसानंसुद्धा असंच असावं. नाहीतर तुझे भावजी, न सांगता कधी कुठं कलतील नेम नाही!"

मेहुणा इतका हसला की मला त्याला दटावावे लागले. उखडलेला रस्ता आला, खड्डे लागले, परंतु सौभाग्यवतीने डोळे उघडले होते आणि एका गिऱ्हाइकाच्या उसवलेल्या बाहीविषयी ती बोलत होती. प्रवासात ती बोलते आहे, हे माझ्या ध्यानात येईतो दुकान आले.

तिने कुलूप उघडले. किल्ली क्षणभर तळहातावर तोलली व पर्समध्ये टाकली.

"उद्या," ती म्हणाली, "नाश्ता करून निघू."

कथा येथे पूर्ण झाली. पोलादाच्या दांड्याची ही हकीकत ज्यांनी शेवटपर्यंत वाचली, त्या सर्व वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला विनीत,
पायलट