न ओरडणारा पेशंट

भिंगरीने नर्सिंगला जावं की नाही, हा वाद नव्हताच. वाद होता कुठल्या कॉलेजात, हा. एक होतं घरापासून दोन गल्ल्यांवर. दुसरं दिवसभराच्या प्रवासाइतकं लांब, पण त्याचं स्वतःचं पाचशे खाटांचं हॉस्पिटल. मार्क भरपूर होते. अर्जात पहिल्या नंबरावर जे टाकेल, तिथे ती जाणार.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आजी आठ दिवस घोकत होती. शेवटी भिंगरीने तोंड पाडून जवळचं पहिलं टाकलं. अर्ज पक्का करायला आज पाचपर्यंत वेळ होता.

आजीचा जीव भांड्यात पडला. तरी म्हणाली, "चल, बघून तर येऊ. मी भेंडीसुद्धा मोडून बघितल्याशिवाय घेत नाही."

कॉलेजातल्या मॅडमनी कौतुकाने सरावाची खोली दाखवली. सहा खाटा, चादरींना एक सुरकुती नाही, आणि प्रत्येक खाटेवर एकेक पेशंट.

"काय रे बाबा, जेवलास का?" आजीने पहिल्याला विचारलं. तो गप्प. आजीने त्याचा कान पिळला. "वडीलधाऱ्या माणसाला उत्तर द्यायची पद्धत नाही का तुमच्यात?"

"आजी, तो रबराचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते मला दारातच कळलं. पक्का आहे का ते बघत होते." भिंगरी खिडकीकडे तोंड करून हसली. आजीने पुढे विचारलं, "आणि जिवंत माणूस कधी देता ह्या पोरींना?"

"तिसऱ्या वर्षापासून. आठवड्यातून एकदा, बाहेरच्या हॉस्पिटलात."

आजी खुर्चीत टेकली. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून ती तीन महिने आडवी होती. भिंगरी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायची. पाठीला एक फोड येऊ दिला नाही पोरीने.

"का गं, तेव्हा मी तुला किती बोलले?"

"रोज. एकदा पेला फेकलास."

"लागला?"

"नेम चुकला तुझा."

"मग हा गुळाचा गणपती तुला काय शिकवणार? ना रडतो, ना शिव्या देतो, ना गादी ओली करतो. जिथे माझ्यासारखी पाचशे आहेत, तिथे जा."

"तुझ्यासारखी पाचशे? मी पळून येईन."

"ये की. दार उघडंच आहे."

बाहेर पायऱ्यांशी येईतो साडेचार झाले. भिंगरीने सवयीने खांदा पुढे केला.

"आणि तुला कोण बघणार?" तिने हळूच विचारलं.

"मला काय धाड भरलीये?" आजीने खांदा सोडून कठडा धरला. एक पायरी उतरली, दुसरी उतरली, तिसरीवर थांबली. "नंबर बदललास?"

"उतर आधी."

"आधी बदल."

भिंगरीने मोबाईल काढला, खालचं कॉलेज वर घेतलं, बटण दाबलं. "झालं."

"मग आता दे हात," आजी म्हणाली. "मेल्यांनी पायऱ्या तरी धड बांधायच्या होत्या."