चुकलेला एक दात

दृष्टी मंदावल्यावर, मला गॅरेजचे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी आपली जुनी इटालियन मोटार दुरुस्तीसाठी माझ्या स्वाधीन केली. व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या तिच्या दोन्ही कॅमशाफ्टचे टायमिंग जुळवून मी चेन चढवली, तेव्हा ते शेजारीच स्टुलावर बसले होते.

"पान्याने इंजिनाचे दोन फेरे घेतलेस ना रे? आधी फिरव, मग मिरव!"

"घेतले, उस्ताद."

घेतले नव्हते. चावी लावण्याआधी इंजिन हाताने फिरवले की चेन चुकीची बसली असल्यास ते अडते आणि चूक वेळीच कळते; पण तीस वर्षांच्या अनुभवाचा मला गर्व होता.

चावी फिरवताच आत कडाडकन आवाज झाला. चेन चक्रावर एक दात चुकून बसली होती, आणि पिस्टनवर आदळून व्हॉल्व्ह वाकले होते.

उस्ताद हळूच म्हणाले, "तुझा काय दोष? जुनी चेन घसरली असणार; नवी आणू म्हणालास, मीच कंजूषपणा केला. थेरडा झालो बघ."

ते माझे पाप स्वतःच्या माथी घेत होते. मला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले.

"उस्ताद, फेरे घेतलेच नव्हते. मी खोटं बोललो."

त्यांनी स्टूल इंजिनाजवळ ओढले.

"इंजिनाचं हेड उतरव," ते म्हणाले, "आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात दे."

एकेका वाकलेल्या व्हॉल्व्हवरून ते अंगठा फिरवीत राहिले. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. तरीही मला मान वर करवेना.