परिशिष्ट नऊ

"'फूल होते. आता नाही.'" काकांनी कागद मोठ्याने वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय आहे?"

"गेल्या वर्षीचा दाखला, काका," टेबलासमोर उभ्या असलेल्या संशोधक बाई म्हणाल्या. "तुमच्या परिशिष्ट नऊप्रमाणे मागवलेला. तो हातात पडला तेव्हा फुलं गळून पंधरा दिवस झाले होते. आदल्या वर्षीही हेच."

काका त्या सरकारी संशोधन संस्थेतले मुख्य कारकून. माणूस सरळ, पण नियमाचा एवढा पक्का की बायकोने मीठ संपलं म्हटलं तरी 'कधीपासून?' असं विचारणारा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. परिशिष्ट नऊ हे त्यांचंच अपत्य. वीस वर्षांपूर्वी एक शास्त्रज्ञ बियाणं आणायला म्हणून गेला आणि हात हलवत परत आला. वरून आलेल्या तपासनीसाने खरडपट्टी काढली ती काकांची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी नियमच करून टाकला. जे आणायला जायचं ते तिथे आहे, असा वनकचेरीचा लेखी दाखला आधी आणा, मग दौऱ्याची परवानगी.

बाईंना हवी होती एका रानवेलीची फुलं. वेल डोंगरात, फुलणार वर्षातून आठ दिवस. तिचे परागकण शेतातल्या वेलीवर घातले तर त्या बियांतून मुळं कुजण्याचा रोग न लागणारी जात मिळेल, असा त्यांचा कयास होता.

"वनरक्षकाचा फोन आलाय. काल पहिली फुलं उमलली," बाई म्हणाल्या. "प्रकल्पाचं हे शेवटचं वर्ष आहे, काका. यंदा हुकलं की संपलं. तीन वर्षं मी काय केलं, तर अर्ज केले."

"फोन म्हणजे दाखला नव्हे, मॅडम."

बाई भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. भांडणाऱ्यांना गप्प करायची त्यांना सवय होती. पण बाई मुकाट्याने बाकावर जाऊन बसल्या.

त्याच आठवड्यात वरून एक परिपत्रक आलं होतं. शास्त्रज्ञांचा निम्मा वेळ कागदांत जातो, तेव्हा कोणते अर्ज-दाखले बंद करता येतील ते कळवावं. काकांनी 'निरंक', म्हणजे एकही नाही, असं उत्तर टंकून ठेवलं होतं. त्यावर फक्त सही व्हायची होती.

'माझ्या नियमाने किती दौरे वाया जायचे वाचले, ते दाखवतोच हिला,' असं मनाशी म्हणत काकांनी कपाट उघडलं आणि वीस वर्षांचे दाखले काढले. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. कुणी एकदाही पान उलटलेलं नव्हतं. काका वाचत गेले. 'पक्षी उडून गेले.' 'पाणी आटले, बेडूक आढळले नाहीत.' 'शेवाळ होते, कचेरीने डबके बुजवले.' आधी त्यांना हसू आलं. मग हसू येईना. सगळं त्या त्या जागी होतं, दाखल्याची वाट बघताबघता गेलं होतं. नियमाने वाया जायचा वाचलेला दौरा शोधूनही एक सापडला नाही. काकांना मनापासून लाज वाटली.

'निरंक' फाडून त्यांनी टंकयंत्रात नवा कागद घातला, 'परिशिष्ट नऊ आजपासून बंद करावे' असं टंकलं आणि थेट संचालकांच्या खोलीत गेले.

संचालकांनी वाचलं. "कुणाच्या डोक्यातून निघालं होतं हे?"

"माझ्याच, साहेब."

संचालकांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि सही केली. बाईंच्या अर्जावर अजून चार सह्या बाकी होत्या. एरवी एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला अर्जाला दोन दिवस लागत. काका तो हातात धरून स्वतः फिरले. लेखाधिकारी म्हणाला, "ठेवून जा, बघतो." काका म्हणाले, "मी उभा आहे." चार वाजता बाई निघाल्या.

सहाव्या दिवशी त्या परत आल्याचं कळलं. जेवणाच्या सुट्टीत काका मागच्या इमारतीकडे चालत गेले. एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रयोगशाळेत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. दारात ते घुटमळले.

"या ना, काका. परवानगी लागत नाही," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला.

काका वाकले. आधी नुसता उजेड दिसला. बाईंनी चकती फिरवली आणि पिवळे, काटेरी, गोल दाणे स्पष्ट झाले.

"हे एवढंसं?"

"एवढंसंच."

"आणि एवढ्याशासाठी मी तुम्हाला दोन वर्षं..."

बाईंनी एक छोटं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. "आतले कण उद्या वेलीवर घालायचे आहेत. नाव आणि तारीख घालता? तुमचं अक्षर चांगलं आहे."

काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. "किती प्रती?"

"एकच, काका."

त्यांनी पाकीट सरळ केलं आणि वेलीचं नाव विचारून ते सावकाश लिहायला घेतलं.