शिक्षेपुरतं अपील

मखमलाबादच्या यशोदाबाईचा मुलगा कुंदन याला बायकोचा हात मोडल्याबद्दल दोन वर्षांची कैद झाली, ती १९९८ साली. तीन महिने आत काढून तो जामिनावर सुटला. अपील होतं ते फक्त शिक्षा कमी करण्यापुरतं. वकील म्हणाले, "सून नांदायला आलेली दिसली पाहिजे. म्हणजे भोगले तेवढे महिने पुरे, असं मागता येईल."

सून शुभांगी माहेरी, गिरणाऱ्याला होती. यशोदाबाईने व्याह्यांचे पाय धरले आणि तिला घेऊन आली. तारखेच्या सकाळी तिला पंचवटीत कासाराकडे नेलं. तेव्हा कासार बाईला पाटावर बसवून निगुतीने बांगड्या भरत. हिरवा चुडा पाहिला की कुठल्याही न्यायाधीशाला नांदती बाई ओळखू येईल, असं यशोदाबाईला वाटलं.

उजवा हात भरला. डाव्याला कासाराने साबण लावला, बोटं चुरली. दोन बांगड्या फुटल्या.

"मावशी, अंगठा मुडपतच नाय. हाड वाकडं बसलंय."

"मोठं माप घाल की!"

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या," शुभांगी म्हणाली. "लय दुखतंय."

यशोदाबाईने तो हात पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिला. सून विहिरीच्या पायरीवर पडली, असं ती गावभर सांगत आली होती. सांगून सांगून तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

कोर्टात वकील म्हणाले, "दुखापत पूर्ण बरी झाली आहे. पत्नी नांदते आहे."

न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "बाई, खरं आहे का?"

शुभांगीने सासूकडे पाहिलं. यशोदाबाई उठली.

"सायेब, नांदाया मीच आणली, आजच्यापुरती. हात बरा नाय. अंगठा मुडपत नाय, मळ्यातलं गुलाबाचं फूल बी तिला खुडता येत नाय."

"म्हातारे, खाली बस," वकील पुटपुटले.

दुपारी अपील फेटाळलं गेलं. पोलिसांबरोबर निघताना कुंदन म्हणाला, "आई, वैरीण निघालीस तू."

"व्हय," ती म्हणाली. "जेवत जा येळेवर."

स्टँडवर मखमलाबादची गाडी आधी लागली. यशोदाबाई चढली नाही. गिरणाऱ्याची आली तशी ती गर्दीत घुसली, खिडकीजवळ पिशवी टाकून जागा धरली आणि सुनेला वर बोलावलं.